पुनर्बांधणी केलेली १९६६ची एमजीबी विकाऊ आहे : पाहणीला जाताना काय तपासावे?

टेम्सकाठी

नमस्कार मंडळी. ऑक्सफर्डशरमधील एका गृहस्थांनी आपली १९६६ची एमजीबी रोडस्टर (उघड्या छताची दोन आसनांची ब्रिटिश गाडी) विकायला काढली असून येत्या शनिवारी मी ती पाहायला जाणार आहे. मी रेडिंगला राहतो, त्यामुळे अंतराचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो नेमके काय पाहायचे याचा. येथे जुन्या गाड्यांवर स्वतः हात काळे केलेले बरेच सभासद आहेत, म्हणून हा धागा काढत आहे.

जाहिरातीचा सारांश असा : टार्टन रेड रंग, काळी चामडी आसने आणि त्यांना लाल किनार, तारेच्या आऱ्यांची चाके, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारी जादा गिअरची सोय), नवे कापडी छत, आणि 'संपूर्ण पुनर्बांधणी' असे ठळक शब्द. काम होऊन दहाएक वर्षे झाली आहेत आणि त्यानंतर गाडी उन्हाळ्यात अधूनमधून चालवली गेली आहे. मागितलेली किंमत १६,५०० पौंड. छायाचित्रे भरपूर आहेत, पण जवळपास सगळी रंगकाम झाल्यानंतरची आहेत. एका छायाचित्रात बॉनेटखालची पाटी दिसते. तिच्यावरील क्रमांकाची सुरुवात जी-एच-एन-३-एल अशी आहे. इंजिनाच्या पाटीवर १८जीबी-यू-एच अशी अक्षरे आहेत.

ज्यांना हे नाव अपरिचित असेल त्यांच्यासाठी थोडेसे. एमजी म्हटले की आज भारतात हेक्टर डोळ्यांसमोर येते, पण हे नाव अनेक दशके टेम्सकाठच्या अबिंग्डन गावाशी जोडलेले होते. एमजीबी तेथे १९६२ ते ऑक्टोबर १९८० या काळात बनली आणि सर्व प्रकार मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. १७९८ सीसीचे इंजिन, ९५ अश्वशक्ती, दोन एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर आणि ताशी शंभर मैलांच्या थोडा पुढे जाणारा वेग. आजच्या मापाने हे आकडे साधेच आहेत, तरीही उघड्या छताने इंग्लंडच्या गावरस्त्यांवरून ही गाडी चालवण्याइतका आनंद मला दुसऱ्या कोणत्याही गाडीत मिळणार नाही, अशी माझी खात्री आहे. चालवण्यासाठीच घ्यायची आहे, प्रदर्शनासाठी नाही.

अर्धा_इंच_पाना

अभिनंदन आणि स्वागत. माझ्याकडे बरीच वर्षे एमजीबी जीटी (हीच गाडी, पण पक्क्या छताची) आहे आणि तिचे बहुतेक काम मी कॉव्हेंट्रीतल्या घरच्या गॅरेजात स्वतःच केले आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट : इंजिन, गिअरबॉक्स, कार्ब्युरेटर यांची काळजी शेवटी करा. या गाडीचा जवळजवळ प्रत्येक यांत्रिक भाग आजही नवा मिळतो आणि दर परवडणारे आहेत. पत्र्याचे तसे नाही. एमजीबीला वेगळी चासी नाही. पत्र्याचे कवच हीच तिची हाडे. रोडस्टरला छताचाही आधार नसल्यामुळे सगळा भार दाराखालच्या सिलवर येतो. हा सिल म्हणजे एकच पट्टी नव्हे. बाहेरचा सिल, मधला उभा पडदा, आतला सिल आणि तळाशी कॅसल सेक्शन अशी ती चार थरांची बंद पेटी असते. गंज आतून लागतो. बाहेरचा सिल सडलेला दिसतो तेव्हा आतला पडदा बहुधा आधीच गेलेला असतो, आणि घाईत काम उरकणारा कारागीर बाहेरून नवा पत्रा चढवून, सांधे लांबीने, म्हणजे रंगाऱ्याच्या भरावाने, बुजवून, वर सुंदर रंग मारून मोकळा होतो. अशी गाडी दोन-तीन वर्षे छायाचित्रात उत्तम दिसते.

म्हणून गाडीखाली जा. जुने कपडे घालून, चांगली विजेरी घेऊन, पाठीवर झोपून पाहा. सिलच्या आतल्या कडेला कॅसल सेक्शनची तटाच्या चर्येसारखी दंतुर कड सलग आणि स्वच्छ दिसली पाहिजे. ती दिसत नसेल, तिच्यावर सपाट पट्टी ठोकलेली असेल किंवा काळ्या डांबरी लेपाचा जाड थर असेल, तर लेपाखाली काय आहे याचे उत्तर विक्रेत्याने छायाचित्रांनिशी दिले पाहिजे. त्यानंतर पुढच्या आणि मागच्या मडगार्डचा खालचा भाग पाहा. मूळ सिल दोन्हीकडे मडगार्डच्या खाली पुढे जातो आणि तेथे आडवा सांधा दिसतो. तो सांधा गायब असेल तर मडगार्ड न काढता वरच्यावर काम झाले आहे असे समजावे. पुढची मडगार्डे बोल्टची असतात, ती काढायला आळस करण्याचे कारण नाही. मागची मात्र वेल्ड केलेली असतात आणि तेथेच खर्च वाचवला जातो.

दाराच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का ते पाहा. मग विक्रेत्याच्या परवानगीने गाडीची एक बाजू जॅकने उचला आणि तेच दार पुन्हा उघडा-लावा. सिल मजबूत असेल तर काहीही फरक पडणार नाही. दार घासू लागले किंवा फट मिटू लागली, तर कवच वाकते आहे. अशा गाडीचे पुढचे काही पाहत बसू नका. पुनर्बांधणीत गाडीला नीट आधार न देता जुने सिल कापले तर कवच मधोमध खचते आणि त्याच स्थितीत नवे सिल वेल्ड झाले की ती चूक कायमची पक्की होते. याशिवाय दाराच्या पत्र्यावर, पुढच्या छोट्या तिकोनी काचेच्या मागच्या टोकापाशी, केसासारखी चीर शोधा. ती या गाडीची जुनी खोड आहे.

मागच्या पाटा स्प्रिंगांचे पुढचे टेकू, आसनांमागे असलेल्या बॅटरीच्या दोन पेट्या आणि पेट्रोलच्या टाकीची वरची बाजू ही उरलेली नाजूक ठिकाणे. टाकी आणि डिकीचा तळ यांच्यामध्ये चिखल अडकतो आणि टाकी वरून सडते. ती खालून ठणठणीत दिसते.

एक पातळ कापडात गुंडाळलेला लोहचुंबक बरोबर ठेवा. जेथे तो धरत नाही तेथे लांबी आहे. बॉनेट याला अपवाद आहे, कारण त्या काळातील एमजीबीचे बॉनेट मुळात ॲल्युमिनियमचे असे. तेथे चुंबक घट्ट चिकटला तर उलट बॉनेट नंतर बदललेले आहे असा अर्थ होतो.

कोल्हापूरचा_मिस्त्री

पान्याच्या साहेबांनी पत्र्याचे सर्व सांगितलेच आहे. इंजिनाबद्दल मला थोडे लिहावेसे वाटते, कारण ते आपल्या अगदी घरातले आहे. हिंदुस्तान मोटर्सच्या अँबेसेडरमध्ये वर्षानुवर्षे जे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन होते, ते आणि हे १७९८ सीसीचे इंजिन एकाच बी-सिरीज घराण्यातले. पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वर-खाली जाण्याचे अंतर, दोन्हींचा ८८.९ मिलिमीटरच आहे. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मात्र ७३ वरून ८०.२६ मिलिमीटरवर नेला आहे. ज्याने आयुष्यभर अँबेसेडरचे टॅपेट (झडपा हलवणारे भाग) लावले, त्याला एमजीबीचे बॉनेट उघडल्यावर काही परके वाटणार नाही. मी स्वतः एमजीबीवर काम केलेले नाही, परंतु या इंजिनाचा स्वभाव मला ठाऊक आहे.

गाडी थंड असतानाच पोहोचा आणि विक्रेत्यास आधी सांगून ठेवा की इंजिन गरम करून ठेवू नये. थंड इंजिन सुरू होताना खालून ठकठक येते का ते कान देऊन ऐका. टॅपेटचा थोडा आवाज हा या घराण्याचा गुण आहे. अगदीच निःशब्द टॅपेट म्हणजे ते फार घट्ट लावले असण्याची शक्यता असते आणि मग झडपा जळतात. इंजिन पूर्ण तापल्यावर ऑइलच्या दाबाचा काटा पाहा. चालत्या गाडीत दर चौरस इंचास ५० ते ८० पौंड आणि इंजिन निवांत फिरताना १० ते २५ पौंड हे कंपनीच्या पुस्तकातले आकडे आहेत. १९६४च्या अखेरीपासून या इंजिनाला तीनऐवजी पाच मेन बेअरिंग (क्रँकशाफ्टचे मुख्य आधार) आली, म्हणजे आपली गाडी पाच बेअरिंगची असणार. ती दणकट आहेत. झडपांच्या बैठका कठीण पोलादाच्या बसवल्या आहेत का, हेही विचारावे. शिसेयुक्त पेट्रोल तिकडे २००० साली बंद झाले, त्यामुळे मूळ बैठका तशाच असतील तर सतत जोरात चालवल्यावर त्या हळूहळू झिजतात.

रोहिणी_लेस्टर

मी कागदपत्रांकडे वळते, कारण येथे सर्वांच्या नजरेतून एक अक्षर निसटले आहे असे मला वाटते.

जी-एच-एन-३ नंतरचे एल हे अक्षर डाव्या बाजूच्या स्टिअरिंगसाठी आहे. म्हणजे ही गाडी कारखान्यातून निर्यातीसाठी निघाली आणि बहुतेक अमेरिकेत गेली. जाहिरातीतल्या छायाचित्रात स्टिअरिंग उजवीकडे आहे. याचा अर्थ गाडी परत आणून तिचे स्टिअरिंग बदलले गेले आहे, आणि हे जाहिरातीत लिहिलेले नाही. इंजिन क्रमांकातील यू-एच हेही बोलके आहे. कारखान्यातून ओव्हरड्राइव्हसह निघालेल्या इंजिनावर तेथे आर-यू अशी अक्षरे असत; तेव्हा ओव्हरड्राइव्ह नंतर बसवलेला आहे. यात फसवणूकच आहे असे मी मुळीच म्हणत नाही. अशा परतलेल्या गाड्या येथे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या कित्येक उत्तम आहेत. परंतु विक्रेत्याला हे थेट विचारा आणि तो कसे उत्तर देतो ते पाहा.

नोंदणीच्या व्ही-५-सी कागदावर पहिल्या नोंदणीची तारीख आणि युनायटेड किंग्डममधील पहिल्या नोंदणीची तारीख अशा दोन वेगळ्या नोंदी असतात. परतलेल्या गाडीत त्यांच्यात मोठे अंतर दिसेल. गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमच्या संग्रहात एमजीबीच्या उत्पादनाच्या नोंदी आहेत आणि त्यांवरून हेरिटेज प्रमाणपत्र मिळते. त्यात गाडी बनल्याची तारीख, मूळ रंग, इंजिन क्रमांक आणि ती कोणत्या देशी पाठवली हे सर्व असते. विक्रेत्याकडे ते असेल तर उत्तम, नसेल तर गाडी घेणाऱ्याने जरूर काढावे.

चाळीस वर्षांपेक्षा जुन्या आणि फारसा बदल न केलेल्या गाडीला मे २०१८पासून एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आहे की नाही याची वार्षिक तपासणी, सक्तीची नाही. त्यामुळे तपासणी झालीच नसेल तर तो दोष नव्हे. पण ज्यांनी स्वखुशीने ती चालू ठेवली आहे अशा मालकांची गाडी मला अधिक विश्वासाची वाटते. जुन्या तपासण्यांचे निकाल आणि त्यात लिहिलेल्या सूचना नोंदणी क्रमांक टाकून कोणालाही पाहता येतात. 'सिलजवळ गंज' अशी सूचना एका वर्षी असेल आणि पुढच्या वर्षी काहीही काम न होता नाहीशी झाली असेल, तर त्याबद्दल विचारावे.

टेम्सकाठी

रोहिणीताई, आपले मनापासून आभार. आज विक्रेत्यांशी दूरध्वनीवर बोललो. एल अक्षराचा विषय काढताच त्यांनी काहीही आढेवेढे न घेता सांगितले की गाडी कॅलिफोर्नियाहून १९९०च्या सुमारास आली, त्यांनी ती आधीच्या मालकाकडून अर्धवट उघडलेल्या अवस्थेत घेतली आणि स्टिअरिंग पुनर्बांधणीच्या वेळी उजवीकडे केले. जाहिरात त्यांच्या मुलीने लिहिली, तिला हे महत्त्वाचे वाटले नाही. हेरिटेज प्रमाणपत्र आहे आणि त्यावर मूळ रंग आयरिस ब्लू आहे. कामाच्या काळातील छायाचित्रांची एक जाड फाइल आहे, ती पाहायला मिळेल.

आता माझ्या मनात दोन शंका आहेत. स्टिअरिंगची बाजू बदलल्याने गाडी कमकुवत होते का? आणि रंग बदललेला असणे हे किती मनावर घ्यावे?

अर्धा_इंच_पाना

पहिल्याचे उत्तर 'नाही' असे ठामपणे देता येईल. एमजीबीचे कवच दोन्ही बाजूंच्या स्टिअरिंगसाठी एकच बनवले गेले होते. स्टिअरिंगची दांडी आणि पेडलची पेटी बसवायची जागा दोन्हीकडे तयार असते. स्टिअरिंग रॅक, पेडलची पेटी, डॅशबोर्ड आणि काही नळ्या-तारा बदलाव्या लागतात. पाहायचे ते एवढेच की हे भाग योग्य जातीचे बसवले आहेत, की जुनेच वळवून, कापून जुळवले आहेत. हेडलाइट डावीकडे झुकणारे आहेत ना, हे आवर्जून पाहा. कित्येक परतलेल्या गाड्यांत अमेरिकेचेच दिवे राहून गेलेले मी पाहिले आहेत आणि रात्री ते समोरच्याच्या डोळ्यांवर येतात.

कॅलिफोर्नियाची गाडी हे तर माझ्या दृष्टीने चांगले लक्षण आहे. येथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि तेच या गाड्यांचे मरण आहे. कोरड्या हवेत दोन दशकांहून अधिक काळ राहिलेल्या कवचाचा मूळ पत्रा पुष्कळदा येथील 'एकाच मालकाच्या' गाडीपेक्षा निरोगी असतो. उन्हाने आसने, रबर आणि डॅशबोर्ड मात्र खाल्लेले असतात, आणि तेवढेच नवे करावे लागते.

रंगाबद्दल माझे मत असे की किंमत ठरवताना तो मुद्दा धरावा, पण त्यासाठी चांगली गाडी सोडू नये. रंगबदल कितपत मन लावून केला हे मात्र पाहा. डॅशबोर्डच्या मागची बाजू, हीटरखालचा कोपरा, गालिच्याखालचा तळ, डिकीच्या झाकणाच्या आतल्या घड्या : तेथे निळा रंग डोकावत असेल तर गाडी पूर्ण उघडून रंगवलेली नाही आणि 'संपूर्ण पुनर्बांधणी' हे शब्द खरे नाहीत.

सह्याद्रीचा_पांथस्थ

एक मूलभूत शंका विचारतो. १६,५०० पौंड देण्यापेक्षा तीन-चार हजारांत एखादी मोडकी एमजीबी घेऊन स्वतःच सावकाश पुनर्बांधणी केली तर? सर्व सुटे भाग मिळतात असे येथेच लिहिले आहे. मग दुसऱ्याच्या कामावर विश्वास का टाकायचा?

अर्धा_इंच_पाना

ज्याला कामाचाच आनंद हवा आहे, ज्याच्याकडे जागा आहे आणि वेल्डिंग येते, त्याने जरूर तसे करावे. मी तेच केले. पैसे वाचतील या आशेने मात्र कोणीही करू नये. पत्र्याचे भाग, रंग, क्रोम, आसने, छत, चाके, इंजिनाचे मशिनिंग यांची बिले जोडत गेलात की चांगल्या पुनर्बांधणीचा नुसता साहित्यखर्चच तयार गाडीच्या किमतीला भिडतो आणि आपल्या श्रमाचे मोल त्यात धरलेलेच नसते. १९८८पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज मूळ साच्यांवर एमजीबीची पूर्ण नवी कवचे बनवते आहे, आणि त्याच तपशिलाचे नवे कवच वापरले तर गाडीचा मूळ नोंदणी क्रमांकही राखता येतो. तोही मार्ग आहे, पण तो सर्वांत महागडा.

तयार गाडी घेणारा माणूस खरे तर आधीच्या मालकाने कधीच वसूल न होणारा खर्च केला आहे, त्याचा लाभ घेत असतो. म्हणून पैसे चकाकीचे नव्हेत, तर रंगाखाली झालेल्या कामाच्या पुराव्याचे द्यावेत. ती जाड फाइल गाडीइतकीच लक्षपूर्वक पाहा. कापलेल्या सिलची, उघड्या पत्र्याची, आधार देऊन ठेवलेल्या कवचाची छायाचित्रे त्यात असली, आणि त्यांतला पत्रा याच गाडीचा आहे हे ओळखता आले, तर १६,५०० ही किंमत चर्चेस योग्य आहे. फाइलमध्ये नुसत्या पावत्या असल्या तर दोन-तीन हजार कमी बोला. काहीच नसले तर गाडी कितीही देखणी असो, न घेता परत या.

टेम्सकाठी

काल गाडी पाहून आलो. सविस्तर लिहितो.

विक्रेते वयस्कर आहेत, गुडघे साथ देत नाहीत आणि इतक्या खालच्या आसनात बसणे-उठणे त्यांना जमेनासे झाले आहे. विकण्याचे कारण एवढेच. सांगितल्याप्रमाणे त्यांनी इंजिन थंड ठेवले होते. मी आधी गाडीखाली गेलो. कॅसल सेक्शनची दंतुर कड दोन्ही बाजूंना सलग आहे. डाव्या सिलचा लेप पातळ आहे आणि खालचे वेल्डचे ठिपके मोजता येतील इतके स्पष्ट दिसतात; उजव्या बाजूस मागच्या चाकाजवळ लेपाचा थर जाड आहे. मडगार्डखालचे चारही सांधे जागच्या जागी आहेत. जॅकने उचलल्यावर दोन्ही दारे जशीच्या तशी लागली, आणि ती लागताना 'खट्' असा एकच भरीव आवाज येतो. दारांवर चीर नाही. चुंबक सगळीकडे धरला, फक्त उजव्या मागच्या मडगार्डच्या खालच्या कोपऱ्यात तो जरा सैल वाटला. बॉनेटवर तो अजिबात धरला नाही, म्हणजे ते मूळचे ॲल्युमिनियमचे आहे.

निळा रंग कोठेही दिसला नाही, अगदी हीटरखालीही नाही.

फाइल उत्तम आहे. लाकडी आणि लोखंडी आधारांवर ठेवलेले उघडे कवच, दारांच्या मोकळ्या जागेत तात्पुरत्या वेल्ड केलेल्या आडव्या पट्ट्या, डावा सिल चारही थरांत उघडा, नव्या पडद्यावर गंजरोधक रंग. उजव्या सिलची मात्र छायाचित्रे कमी आहेत आणि मागच्या टोकाचे एकही नाही.

किल्ली अर्धी फिरवताच मागून पेट्रोलच्या विजेच्या पंपाची टिकटिक ऐकू आली. दहा-बारा वेळा टिकटिक झाल्यावर कार्ब्युरेटर भरले आणि तो थांबला. विक्रेते म्हणाले की तो न थांबता टिकटिकत राहिला तर कोठेतरी गळती आहे असे समजावे. चोक ओढून इंजिन लगेच सुरू झाले. टॅपेटचा हलका आवाज आहे, खालून काही नाही. तापल्यावर चालत्या गाडीत ऑइलचा काटा ६० वर आणि थांबल्यावर २० वर होता. बैठका कठीण बसवल्याची मशिनिंगची पावती फाइलमध्ये आहे.

पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर सहज पडू देणारी रचना) नाही, गाडी पूर्ण थांबवूनच तो टाकावा लागतो. बाकीचे गिअर स्वच्छ पडतात. ओव्हरड्राइव्ह तिसऱ्या आणि चौथ्यात क्षणार्धात लागतो. एकच गोष्ट खटकली. उतारावर ब्रेक सोडून पुन्हा दाबला की मागून 'टक्' असा धातूचा आवाज येतो, आणि पुढे-मागे करताना तो दरवेळी येतो.

अर्धा_इंच_पाना

अतिशय काळजीपूर्वक पाहणी केलीत. त्या आवाजाची दोन संभाव्य कारणे आहेत. एक म्हणजे तारेच्या चाकांच्या हबवरचे दाते झिजले असतील. या चाकांना चार बोल्ट नसतात. चाक दातेरी हबवर सरकवून मधल्या एका मोठ्या नटाने आवळलेले असते आणि सारा जोर त्या दात्यांवरच येतो. मागचे चाक उचला, कोणीतरी ब्रेक दाबून धरू द्या, आणि चाक हाताने पुढे-मागे फिरवून पाहा. ब्रेक असूनही चाक किंचित हलले तर दाते गेले आहेत. ते तसेच ठेवू नका, कारण पुढे दाते साफ घसरतात आणि त्या चाकाला ना ओढ राहते ना ब्रेक. हब आणि चाके दोन्ही एकदमच बदलावी लागतात. जुन्या हबवर नवे चाक घातले तर तेही लवकर खराब होते.

चाक हलले नाही तर दुसरे कारण मागच्या ॲक्सलमध्ये आहे. त्या काळातील रोडस्टरला बॅन्जो प्रकारचा ॲक्सल असे आणि त्यातील थ्रस्ट वॉशर (बाजूचा जोर झेलणाऱ्या चकत्या) झिजले की गिअर घेताना, सोडताना असाच आवाज येतो. तो ऐकायला वाईट असला तरी धोक्याचा नाही आणि दुरुस्ती अवघड नाही.

उजव्या मागच्या कोपऱ्याबद्दल मात्र मी आग्रही राहीन. छायाचित्र नाही, लेप जाड आहे आणि चुंबक सैल आहे, या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी येत आहेत. तेथे कदाचित लहानशी लांबीच असेल, पण पाहिल्याशिवाय पूर्ण किंमत देऊ नये.

रोहिणी_लेस्टर

माझीही हीच सूचना आहे. अबिंग्डनमध्ये एमजी कार क्लबचे कार्यालय आहे. क्लबच्या सभासदांपैकी त्या भागातील एखादा अनुभवी माणूस पाहणीसाठी बरोबर येऊ शकतो का, अशी विचारणा करून पाहावी. आणि विमा घेताना 'ठरलेल्या मूल्याचा' विमा घ्यावा, ज्यात गाडीची किंमत आधीच छायाचित्रे व कागदपत्रे पाहून नक्की केली जाते. साध्या विम्यात अपघातानंतर जुनी गाडी म्हणून नाममात्र रक्कम हाती पडण्याची भीती असते.

टेम्सकाठी

दुसऱ्यांदा जाऊन आलो, या वेळी क्लबमधील एक अनुभवी गृहस्थ बरोबर होते. मागची दोन्ही चाके ब्रेक दाबलेला असताना स्पष्ट हलली. हबचे दाते टोकदार झाले आहेत, ते चाक काढल्यावर डोळ्यांनी दिसले. विक्रेत्यांना हे ठाऊक नव्हते आणि त्यांना मनापासून वाईट वाटले. उजव्या कोपऱ्यातला लेप त्यांच्या संमतीने थोडा खरवडला. खाली हाताच्या तळव्याएवढा वेल्ड केलेला तुकडा आहे, काम नीट आहे, सांधा सलग आहे, फक्त वरून लांबीने सपाट केला आहे. सिल आणि कॅसल सेक्शन तेथेही शाबूत आहेत.

हब आणि चाकांचा खर्च, रंगबदल आणि डावीकडून उजवीकडे झालेले रूपांतर हे सर्व धरून मी १४,५०० पौंड बोललो, त्यांनी १५,००० सांगितले आणि ते मी मान्य केले. फाइल, हेरिटेज प्रमाणपत्र, कारखान्याच्या दुरुस्तीपुस्तकाची जुनी प्रत आणि चाकांचे नट सोडवण्याचा तांब्याचा हातोडा गाडीबरोबर मिळणार आहे. नवे हब बसल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही असे ठरले असल्याने ती वाहून आणीन.

शेवटच्या दोन विचारणा : पेट्रोल कोणते भरावे, आणि विजेच्या बाबतीत काही सावधगिरी?

कोल्हापूरचा_मिस्त्री

मनापासून अभिनंदन. पेट्रोलचे तिकडचे पान्याचे साहेब सांगतील. मी एवढेच सांगतो की दोन्ही एसयू कार्ब्युरेटरच्या वरच्या टोप्या उघडून आतील दांडीत पातळ ऑइल आहे का ते पाहा. ते आटले की गाडी ॲक्सिलरेटर दाबताच अडखळते आणि लोक उगाच जेट बदलत बसतात.

अर्धा_इंच_पाना

अभिनंदन. किंमत योग्य आहे आणि गाडी योग्य हाती जात आहे.

सप्टेंबर २०२१पासून येथील साधे पेट्रोल ई-१० आहे, म्हणजे त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या जातीच्या रबरी नळ्या आणि सील खराब करते, शिवाय हवेतील ओल धरते आणि गाडी हिवाळाभर उभी राहिली की टाकीत गंज धरतो. महागड्या सुपर पेट्रोलच्या पंपावर ई-५ असे लिहिलेले असेल तेच भरा आणि सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या नव्या जातीच्या घालून घ्या.

विजेबाबत : १९६७पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असे, म्हणजे आजच्या गाड्यांच्या नेमके उलट. पुनर्बांधणीत ते बदलले आहे की मूळचेच आहे, हे दुरुस्तीच्या नोंदीत आणि बॅटरीवर दोन्हीकडे पाहून घ्या, आणि तोपर्यंत रेडिओ, फोनचा चार्जर किंवा दुसऱ्या गाडीची बॅटरी काहीही जोडू नका. पुढच्या चाकांच्या किंगपिनना (चाके ज्यांवर वळतात त्या उभ्या खिळ्यांना) दर ३,००० मैलांनी ग्रीस द्यायला विसरू नका. तेथे ग्रीस भरण्याची तीन-तीन तोंडे (निपल) असतात आणि चाक जमिनीवरून उचलून दिले तरच ग्रीस आतपर्यंत पोहोचते. रस्त्यावर काढण्याआधी कराची नोंदणी आपल्या नावाने नव्याने करा. ऐतिहासिक गाडी म्हणून रक्कम शून्य असली तरी नोंदणी करावीच लागते, आणि आधीच्या मालकाची आपल्याला चालत नाही.